डेस्कटॉपचं वायफाय कार्ड चालत नाही? नवं घेण्याआधी हे तपासा

मोबाइलला वायफाय व्यवस्थित मिळतंय, पण त्याच खोलीतला डेस्कटॉप जोडला जात नाही. अशा वेळी कार्ड गेलं असं धरून बाजार गाठण्याची घाई नको. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कार्ड शाबूत असूनही स्लॉटमधला (कार्ड बसवायच्या खाचेतला) संपर्क बिघडू शकतो. (मोबाइललाही इंटरनेट नसेल तर दोष राउटरचा किंवा लाइनचा, संगणक उघडू नका.)

सुरुवात कॅबिनेटच्या मागून करा. कार्डाचे दोन्ही अँटेना हाताने घट्ट फिरवलेले आहेत ना? ते लावलेच नसतील तर कार्ड राउटरच्या अगदी जवळच चालतं.

मग स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ पाहा. पुढचा मार्ग इथेच ठरतो.

नावावर खाली रोखलेला बाण असेल तर कार्ड फक्त बंद केलेलं आहे. उजवी क्लिक करून ‘इनेबल’ निवडा. पिवळा त्रिकोण असेल तर नावावर डबल क्लिक करून कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) नाही. कोड १० म्हणजे कार्ड दिसतं, पण सुरू होत नाही. इथेही आधी ड्रायव्हर बदलून पाहावा. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि तेच तर नाही, यावर सोपा उपाय आहे: मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याच्या सेटिंग्जमधलं यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट संगणकाला मिळेल. ड्रायव्हर कार्डाच्या किंवा मदरबोर्डच्या (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये.

यादीत कार्डाचं नावच नसेल तर कॅबिनेट उघडावी लागेल.

१. संगणक शटडाउन करा आणि प्लग काढा. प्लग चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. प्लग काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. अडकलेलं कार्ड कधी कधी एवढ्यानेच ताळ्यावर येतं.

२. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. मागचा स्क्रू काढून कार्ड सरळ वर ओढा.

३. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या बघा. त्या काळवंडलेल्या किंवा चिकट असतील तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडाला लावून हलकेच पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर घासायची सवय आपल्याकडे फार. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि कण स्लॉटमध्ये पडतात.

४. कार्ड दुसऱ्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये घट्ट बसवा. छोटं ‘एक्स १’ कार्ड लांब ‘एक्स १६’ स्लॉटमध्येही चालतं. मात्र काही मदरबोर्डवर एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी छोटी स्टोरेज ड्राइव्ह) लावली की एखादा स्लॉट बंद पडतो; हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

वायफाय चालतं पण ब्लूटूथ नाही, असं असेल तर कार्डापासून मदरबोर्डच्या यूएसबी हेडरला (मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या पिनांना) जाणारी बारीक केबल सुटली आहे का ते आधी पाहा. वायफाय स्लॉटमधून चालतं, ब्लूटूथ या केबलवरून.

आता कार्ड ठीक दिसतं, पण नेटवर्क सापडत नाही किंवा सारखं तुटतं. जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असेल तर त्याला ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसणारच नाही. राउटरचा २.४ चा चॅनल १२ किंवा १३ वर असला तरी काही कार्डांना तो दिसत नाही. १, ६ किंवा ११ ठेवा. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ वर असेल तर जुन्या कार्डासाठी डब्ल्यूपीए २ चालू करा. थोडा वेळ वापर नसला की तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवायला कार्ड बंद करण्याची परवानगी काढून टाका.

आणि घर चिऱ्याचं असेल तर भिंतीचाही विचार करा. जाड चिऱ्यातून ५ गिगाहर्ट्झ फारसं पार होत नाही आणि पावसात भिंत ओली झाली की आणखीच अडतं. त्यातच बहुतेक कॅबिनेटची पाठ भिंतीला टेकलेली असते, म्हणजे अँटेना पत्रा आणि चिरा यांच्यामध्ये. वायरवाला, चुंबकी बुडाचा अँटेना घेऊन तो टेबलावर, दाराच्या रेषेत ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर २.४ वर या. वेग कमी मिळेल, पण जोडणी टिकेल.

शेवटी कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहा. तिथेही दिसलं नाही तर ते गेलं. नवं घेताना आपली कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड कॅबिनेटला स्क्रूने धरणारी आखूड पट्टी (लो-प्रोफाइल ब्रॅकेट) सोबत मिळते का, हे दुकानातच विचारा.