बॅस्टिबलमधला आयरिश सोडा ब्रेड घरी कसा करायचा

आयर्लंडच्या खेड्यातल्या जुन्या घरांत बहुतेक ठिकाणी ओव्हन नसायचाच, हे आधी लक्षात घ्या म्हणजे पुढचं सगळं समजेल. एक उघडी चूल, तिच्यावर फिरणारा लोखंडी दांडा, त्याला आकड्याने टांगलेली भांडी, आणि जळण म्हणजे टर्फ, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या झाडपाल्याची माती कापून उन्हाळ्यात वाळवलेल्या विटा. ब्रेड व्हायचा बॅस्टिबलमध्ये, म्हणजे बिडाच्या जड, झाकणाच्या पातेल्यात, खाली विस्तव आणि झाकणावर पण पेटते टर्फचे तुकडे. आपल्याकडे गोव्यात बिबिंकाला (थरांच्या केकला) वरून निखारे देतात ना, अगदी तसंच.

आता करायचं कसं. 450 ग्रॅम मैदा (निम्मी कणीक घेतली तरी छान), एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, चाळूनच घ्या, गुठळी राहिली तर त्या घासाला कडू लागतो. मधे खळगा करून साधारण 350 ते 400 मिली आंबट ताक ओता. ताक गोडं नको, आंबटपणामुळेच सोडा फुलतो, यीस्ट लागत नाही, आणि तिकडच्या मऊ गव्हाला यीस्टपेक्षा हेच जास्त मानवायचं, म्हणून 1830-40 च्या सुमारास सोडा मिळायला लागल्यावर हा ब्रेड घरोघरी पोचला.

आणि प्लीज मळू नका! पोळीच्या कणकेची सवय हाताला असते, पण इथे बोटं फाकवून फक्त गोळा होईपर्यंत फिरवायचं, चिकट राहिला तरी चालेल, नाहीतर ब्रेड दगड होतो. वरून सुरीने खोल क्रॉस कापा, मधला भाग नीट शिजतो त्याने. बिडाचं पातेलं ओव्हनमध्ये 230 डिग्रीला कडक तापवा, पीठ भुरभुरून गोळा आत ठेवा, झाकण लावून 30 मिनिटं, मग झाकण काढून 200 वर अजून 10-15. बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे. लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा, मग कवच मऊ राहतं, आणि लोणी भरपूर लावा.

चूल असेल तर रात्रीचं काम पण करून बघा, मला सगळ्यात जास्त भावतं ते हेच. तिकडे झोपायच्या आधी घरातली बाई पेटते निखारे एकत्र ओढून राखेखाली पुरायची, बऱ्याच घरात आयर्लंडची संत सेंट ब्रिजिड हिची प्रार्थना म्हणत. आपल्या आज्या राखेत विस्तव जपायच्या तोच प्रकार. राख कोरडी हवी आणि थर जाड. सकाळी ती बाजूला सारली की खाली लाल निखारा असतो, त्यावर वाळलेला टर्फचा तुकडा ठेवून हळू फुंकायचं.