जेट बोट उंचावर नेताय? इंजिन आणि पंप आधी असे जुळवून घ्या

न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने १९५० च्या दशकात जेट बोट, म्हणजे बाहेरच्या पंख्याऐवजी आतल्या पंपाने पाणी मागे फेकून पळणारी बोट, बनवली ती उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी, त्यामुळे ही बोट डोंगराकडे जाणारच. १९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन समुद्रापासून गंगेतून वर वर जात नंदप्रयागपर्यंत पोचले होते, तिथे धबधब्याने वाट अडवली. पण खाली मस्त पळणारी बोट उंचावरच्या तलावात टाकली की जडच वाटायला लागते, मग कुणी पेट्रोलला नावं ठेवतं, कुणी पंप खोलून बसतं. आधी हवेकडे बघा.

समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो असतं, १५०० मीटरवर १.०६ आणि ३००० मीटरवर ०.९ च्या आसपास. सिलिंडर तेवढाच, पण त्यात जाणारा ऑक्सिजन कमी. साध्या म्हणजे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला अंदाजे ३ टक्के उतरते असं धरून चाला.

पहिलं काम खालीच करा. नेहमीच्या पाण्यात, नेहमीचं वजन घेऊन, फुल थ्रॉटलला (पूर्ण रेस देऊन) टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, कितीवर थांबतो ते लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर वर जाऊन तुम्ही नुसते अंदाजच मारणार, म्हणून ही पायरी अजिबात टाळू नका.

दुसरं, नुसती उंची बघू नका, तापमानही बघा. गरम हवा आणखी विरळ असते. १५०० मीटरवर दुपारी ३० डिग्री असेल तर हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ २० टक्के विरळ झालेली असते, म्हणजे ३५० हॉर्सपॉवरचं इंजिन २८० च्या आसपास आलं. त्याच तलावात पहाटे बोट बरी पळते आणि दुपारी दम टाकते, त्याचं कारण हेच.

आता जेट बोटीची खरी गंमत. पंप किती ताकद खातो हे आरपीएमच्या घनावर ठरतं, त्यामुळे ताकद २० टक्के गेली तरी आरपीएम फक्त ७ टक्क्यांच्या आसपास पडतो. खाली ४५०० दाखवणारा काटा वर ४१५०-४२०० वर थांबतो आणि बघणाऱ्याला वाटतं, तीनशेच तर कमी झाले, काय एवढं! पण मागे पाणी फेकायचा जोर तेवढ्यात साधारण १४ टक्के घटलेला असतो. काट्यावरची घट छोटी दिसली तरी ती मोठी समजा.

तिसरं, वजन उतरवा. हे फुकटचं काम आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात फायद्याचं. पूर्ण भरलेली टाकी, जास्तीचं सामान, तळात साठलेलं पाणी, सगळं कमी करा. उथळ नदीत बोट पटकन उचलून पाण्याच्या वरच्या थरावर पळायला लागणं हीच सुरक्षितता असते, ती अर्धवट पोटावर रखडत राहिली तर खालचे दगड लागतात.

चौथं, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण. कार्बोरेटर असेल तर वर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होतं, कारण हवा विरळ झाली तरी जेटमधून (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकातून) पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही. स्पार्क प्लग काढून बघा, टोकाला मऊ, कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी दिसली तर रिचच चाललंय. चार बॅरलच्या (हवेच्या चार नळ्यांच्या) कार्बोरेटरला साधारण दर ६०० मीटरला मेन जेट एक नंबर लहान, इथून सुरुवात करा आणि प्लग फिकट तपकिरी दिसेपर्यंत एकेक नंबरनेच जा, घाई नको. फ्युएल इंजेक्शनवाल्यांना हे बहुतेक करावं लागत नाही, सेन्सर बघून घेतो, फक्त काही जुन्या सिस्टीम हवेचा दाब चावी चालू करतानाच मोजतात, तेव्हा वर पोचल्यावर एकदा बंद करून परत चालू करा. पण मिश्रण बरोबर झालं म्हणजे गेलेली ताकद परत आली असं नाही, ती फक्त टर्बो बऱ्यापैकी भरून काढतो.

पाचवं, इम्पेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा. आठवड्यासाठी जाताय तर याला हात लावू नका. बोट कायम वरच राहणार असेल तर कमी पिचचा (पात्यांचा तिरकेपणा कमी असलेला) किंवा थोडा कापलेला इम्पेलर बसवा, म्हणजे इंजिन परत आपल्या ताकदीच्या आरपीएमवर येतं. कापण्याआधी इम्पेलर आणि वेअर रिंग (त्याच्याभोवतीचं कडं) यांच्यामधली फट तपासा, कारण झिजलेल्या पंपाला नवीन इम्पेलरनेही गुण येत नाही.

सहावं, कॅव्हिटेशन. पाणी पंपात शिरतं त्यात वरच्या हवेच्या दाबाचा हात असतो. समुद्रसपाटीला तो दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या उंचीइतका, १५०० मीटरवर साडेआठ, ३००० मीटरवर जेमतेम ७. दाब कमी की इम्पेलरच्या पात्यावर वाफेचे बुडबुडे लवकर होतात आणि फुटतात, हेच कॅव्हिटेशन. आवाज खडी पंपातून गेल्यासारखा येतो, आरपीएम चढतो पण बोट ढकलली जात नाही आणि नंतर पात्याच्या कडेला बारीक खड्डे दिसतात. उभ्या बोटीवरून एकदम फुल थ्रॉटल देऊ नका, आधी वेग येऊ द्या, पंपाच्या तोंडावरची जाळी गवत-काड्यांपासून मोकळी ठेवा.

कूलिंगचं थोडक्यात. ३००० मीटरवर पाणी ९० डिग्रीच्या आसपासच उकळतं, त्यामुळे बंद कूलिंग (तेच पाणी आत फिरवणारं) असेल तर प्रेशर कॅपचं (दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाचं) रबर चांगलं हवं.

शेवटचं, खाली येताना. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. वर लहान जेट घातलेलं इंजिन खाली दाट हवेत तसंच पळवलं तर मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं, पिस्टन तापतो, वितळूही शकतो, आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) वर पुढे घेतलं असेल तर नॉकिंगही (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सुरू होतं. कापलेला इम्पेलर असेल तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं. म्हणून वर बदल केला की त्याच क्षणी एका चिठ्ठीवर जुना जेट नंबर आणि टायमिंग लिहून स्टिअरिंगला चिकटवा, आणि खाली पोचल्यावर ते परत बसवल्याशिवाय ती चिठ्ठी काढू नका.