पोटरी सुजली तर आधी मालिश थांबवा

गुडघ्याचं प्लॅस्टर निघालं आणि चौथ्या दिवशी डावी पोटरी टरटरून फुगली. गरम लागायची, ठणकायची. मी जुना पैलवान, आणि कोल्हापुरात पैलवानाचा पाय धरला की औषध एकच, तालमीतली मालिश. दोस्तानं अर्धा तास रगडलं. दुसऱ्या दिवशी जिन्यातच छाती भरून आली. पोटरीतली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. ती मालिशनंच सुटली असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही, पण बोलणी मात्र भरपूर खाल्ली.

तेव्हा एकच पाय सुजला असेल, त्यातून प्लॅस्टर, ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास नुकता झाला असेल, तर त्या पायाला कुणाला हात लावू देऊ नका. डॉपलर सोनोग्राफी करा, शिरेत रक्ताची गाठ आहे का ते त्यात दिसतं. तिथली रक्ताची गाठ सुटली की हृदयाच्या उजव्या बाजूतून जाऊन फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. अचानक दम, खोल श्वासाला छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर, यातलं काही झालं तर कुणाच्या गाडीवर मागं बसून जायचं नाही. 108 ला फोन लावा.

दवाखान्यात सीटी अँजिओ (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. बीपी कोसळला असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन देतात. त्यात मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका असतो. माझा बीपी टिकून होता, म्हणून पोटावर कातडीखाली हेपॅरिनच्या जातीचं, म्हणजे गाठ वाढू न देणारं इंजेक्शन आणि सोबत त्याच कामाची गोळी. गोळीचा अंमल चढायला दिवस लागतात, म्हणून निदान 5 दिवस दोन्ही चालतं.

या गोळीला 'रक्त पातळ करायची' म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. गाठ शरीरच विरघळवतं, गोळी ती वाढू देत नाही. त्यामुळं पंधरवड्यात दम थांबला म्हणून गोळी सोडू नका. किमान 3 महिने घ्यायचीच, पुढं किती ते डॉक्टर ठरवतात.

माझी असेनोकुमारॉल, रोज संध्याकाळी ठरल्या वेळी. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा, 2 ते 3 मध्ये ठेवायचा. श्रावणात आठवडाभर मेथी, पालक दाबून खाल्ला आणि तो 1.6 वर आला, म्हणजे गोळीचा अंमल कमी पडला. भाजी बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. तांबड्या-पांढऱ्याला कुणी अडवलं नाही, वर मूठभर कोथिंबीर मारायची सवय मात्र आवरली. एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आयएनआर न लागणाऱ्या नव्या गोळ्याही आहेत, पण आमच्या मामांच्या हृदयात धातूची झडप आहे, त्यांना त्या चालत नाहीत.

ही गोळी चालू असताना तापाला 'कमरेत इंजेक्शन मारा' म्हणायची आपली खोड सोडा, आत रक्त साकळतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनानं नको. अँटिबायोटिक किंवा कसला काढा सुरू करायचा तर आधी विचारा. शौच काळी, लघवी लाल झाली किंवा डोक्याला मार बसला, तर बाहेर थेंबही दिसत नसला तरी गाठा दवाखाना. गोळीचं नाव आणि शेवटचा आयएनआर लिहिलेली चिठ्ठी माझ्या पाकिटात लायसनच्या मागं असते.