दूरच्या शिकारीसाठी स्कोप घेताना या चुका टाळा

अमेरिकेतील दक्षिण डकोटा, वायोमिंग, मोंटाना या राज्यांच्या गवताळ पठारांवर कुरणे पोखरणाऱ्या प्रेअरी डॉगची शिकार रायफलने दुरून केली जाते. नावात ‘डॉग’ असले तरी हा खारीच्या कुळातला, साधारण किलोभर वजनाचा आणि बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करणारा प्राणी आहे. उभा असताना त्याची रुंदी जेमतेम ३ ते ४ इंच भरते, म्हणजे ३०० यार्डांवर ती सुमारे एका मिनिट-ऑफ-अँगलएवढीच, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढीच, दिसते. एवढ्या लहान लक्ष्यासाठी स्कोप, म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, मिळेल तेवढ्या मोठ्या मॅग्निफिकेशनचा (जास्त पटींचा) घ्यावा, असे नवख्याला वाटणे स्वाभाविक आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकारीला बंदी असल्याने अमेरिकेत आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना कॅमेऱ्याच्या झूमपलीकडे या विषयाचा अनुभव नसतो, आणि झूमचा तोच हिशेब रायफलला लावला की पैसे वाया जातात.

माझा पहिला स्कोप ८ ते ३२ पटींचा होता. जुलैच्या एका सकाळी ७ वाजता ३२ पटींवर प्राण्याच्या मिशासुद्धा दिसत होत्या. ११ वाजेपर्यंत मात्र तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेने सगळे चित्र वाहत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखे हलू लागले. स्कोप बिघडला असे समजून मी दिवसभर विक्रेत्याला दोष देत बसलो. दोष स्कोपचा नव्हता. स्कोप प्राण्याला जितके मोठे करतो तितकेच मधल्या हवेतल्या मृगजळालाही मोठे करतो, त्यामुळे एका मर्यादेनंतर आकार वाढतो पण तपशील वाढत नाही. उन्हाळ्यातील दुपारी ही मर्यादा मला बहुधा १४ ते १८ पटींच्या आसपास आढळली आहे. अशा वेळी मॅग्निफिकेशन उतरवत जावे आणि प्राण्याची कडा स्थिर दिसू लागेल तिथे थांबावे. मृगजळ हा निव्वळ शत्रूही नाही, कारण फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की ते कोणत्या बाजूला वाहते आहे ते दिसते, आणि वाऱ्याचा तेवढा अंदाजसुद्धा .२२३ या लहान काडतुसाच्या हलक्या गोळीला फार उपयोगी पडतो.

चित्र धूसर झाले की आणखी एक कारण तपासावे. लागोपाठ १५-२० गोळ्या झाडल्यावर रायफलची नळी तापते आणि तिच्यावरून उठणारी गरम हवा थेट स्कोपच्या पुढच्या भिंगासमोरून जाते. शेजारी ठेवलेल्या साध्या दुर्बिणीतून तेच दृश्य स्वच्छ दिसले, तर दोष पठाराच्या हवेचा नसून आपल्याच नळीचा आहे असे समजावे आणि रायफल थंड होऊ द्यावी.

दुसरी मोठी चूक म्हणजे स्कोपच्या पटींचा खालचा आकडा न पाहणे. २४ पटींवर १०० यार्डांवरचे सुमारे ४ ते ५ फुटांचेच क्षेत्र दिसते, तर ६ पटींवर ते १६-१७ फुटांपर्यंत जाते. सोबती ‘त्या पांढऱ्या दगडाच्या डावीकडे’ म्हणतो तेव्हा जास्त पटींवर आपल्याला दगडच सापडत नाही. शिवाय गोळी सुटताना रायफल किंचित जरी उचलली गेली तरी प्राणी दृश्याबाहेर जातो आणि माती कुठे उडाली ते कळत नाही; मग पुढच्या गोळीची दुरुस्ती कशाच्या आधारावर करायची? सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, बिळाच्या तोंडाशी उभी असलेली प्रत्येक आकृती प्रेअरी डॉगची नसते. त्याच बिळांत राहणारे एक लहान घुबड, आपल्या पिंगळ्याचे जवळचे भाऊबंद, अगदी तसेच ताठ उभे असते, आणि त्याला मारणे हा संघीय कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आधी कमी पटींवर आजूबाजूचा परिसर पाहावा, मग पट वाढवून प्राणी ओळखावा, आणि बोट चापावर त्यानंतरच न्यावे.

तिसरी चूक रेटिकलबाबतची, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेषा आणि खुणांबाबतची, आहे. ज्या स्कोपमध्ये मॅग्निफिकेशन बदलूनही रेटिकलचा आकार तोच राहतो, त्याच्या खुणा एकाच ठरावीक पटीवर, बहुधा सर्वोच्च पटीवर, खऱ्या असतात. २४ पटींवर ४ मिनिट-ऑफ-अँगलची असलेली खूण १२ पटींवर ८ मिनिट-ऑफ-अँगलची होते. दुपारी मृगजळामुळे पट निम्मी केली आणि ४०० यार्डांवर तीच खूण वापरली, तर गोळी सुमारे १७ इंच उंचावरून निघून जाते. इतके वरून गेल्यावर माणूस वाऱ्याला, काडतुसाला, अगदी स्वतःच्या श्वासालाही दोष देतो. खुणेवर मात्र कोणी संशय घेत नाही. एक तर उंची टरेट (स्कोपवरची नेम जुळवण्याची फिरती कळ) फिरवून द्यावी, किंवा पटीबरोबर रेटिकलही मोठे-लहान होणारा स्कोप घ्यावा. दुसऱ्या प्रकारात कमी पटींवर रेषा इतक्या बारीक होतात की गवतात हरवतात. ही अडचण विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावी.

पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसण्याची, तक्रारही पुष्कळदा मॅग्निफिकेशनच्या माथी मारली जाते. रायफल टेकूवर स्थिर ठेवून डोके किंचित वर-खाली हलवावे. रेटिकल लक्ष्यावरून सरकताना दिसले, तर बाजूचा फोकस नीट लावलेला नाही. ज्या स्कोपला ही सोय नाही तो बहुधा १०० किंवा १५० यार्डांसाठी कारखान्यातच बसवलेला असतो, आणि दूरच्या लहान लक्ष्यासाठी तो घेऊच नये.

प्रकाशाचा मुद्दा इथे थोडक्यात संपतो. ५० मिलिमीटर भिंगाला २५ पटींनी भागले की डोळ्यापर्यंत २ मिलिमीटरचा झोत पोहोचतो. दिवसाउजेडी बाहेर पडणाऱ्या प्रेअरी डॉगसाठी तेवढा पुरतो, संध्याकाळच्या कोयोटीसाठी (कोल्ह्यासारखा अमेरिकी प्राणी) पुरत नाही; त्या शिकारीला ४ ते १६ पटींचा स्कोपच बरा.

एकच स्कोप घ्यायचा असेल तर मी ६ ते २४ किंवा ५ ते २५ पटींचा घेईन आणि ३२ च्या आकड्यासाठीचे पैसे चांगल्या काचेत आणि स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या पक्क्या माउंटमध्ये घालीन. दुकानाच्या वातानुकूलित खोलीत सगळेच स्कोप सुरेख दिसतात, म्हणून विक्रेत्याला विनंती करून, रायफलवरून उतरवलेला नुसता स्कोप दुपारी दाराबाहेर न्यावा आणि तापलेल्या पार्किंगच्या पलीकडची एखादी लहान अक्षरांची पाटी प्रत्येक पटीवर वाचून पाहावी.