छोट्या प्लॉटवर घर किती मोठं बसतं, ते आधी स्वतः काढा

गुंठा-दीड गुंठ्याचा प्लॉट घेतला की जो तो एकच विचारतो, "एफएसआय किती मिळतो?" एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा. तो क्षेत्रफळाला गुणून लोक हॉल-बेडरूमची स्वप्नं रंगवतात. असा हिशेब सांगणाऱ्यांनी लहान प्लॉटचा नकाशा स्वतः कधी काढलेला नसतो. छोट्या जागेत घर अडतं ते मार्जिनपाशी, म्हणजे हद्दीपासून मोकळ्या सोडायच्या सामासिक अंतरापाशी. आणि मार्जिन मोजायचं कुठून, हे रस्ता ठरवतो.

कागद आधी गोळा केलेले असतील असं धरतो: सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन (लेआउट), मोजणीची 'क' प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा), झोन दाखला आणि भाग नकाशा (शहराच्या विकास आराखड्यातला आपल्या प्लॉटभोवतीचा तुकडा). प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेला असेल तर नियमितीकरण आधी. 2001 च्या गुंठेवारी कायद्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची प्रकरणं त्यात आली आहेत.

मग बांधकामाची नियमावली उघडा. डिसेंबर 2020 पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना आणि गावांना एकच एकत्रिकृत नियमावली आहे. बृहन्मुंबईची वेगळी आहे. माथेरान, महाबळेश्वर-पाचगणीसारख्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागांचेही नियम वेगळे आहेत. दाट वस्ती आणि बाहेरची वस्ती यांचे मार्जिनचे तक्ते निरनिराळे असतात, तेव्हा आपला तक्ता कोणता ते पक्कं करा.

आता रस्ता. इथे घाई करू नका, मी केली होती.

मेव्हण्याच्या प्लॉटसमोर मी टेप लावला. कुंपण ते कुंपण साडेसहा मीटर भरले. तेच धरून नकाशा बसवला, चुन्याची फक्की मारली, पुढच्या ओळीतले तीन खड्डे खोदूनही झाले. भाग नकाशा मी घडी घालून पिशवीत ठेवला होता. तो उघडला तेव्हा दिसलं, तोच रस्ता आराखड्यात 9 मीटरचा आहे. दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा मीटर जाणार. खड्डे बुजवले, आणि स्वयंपाकघर कुठे घ्यायचं यावर घरात आठवडाभर खल चालला. तेव्हापासून मी जागेवरची रुंदी फक्त माहितीसाठी मोजतो. हिशेब आराखड्यातल्या किंवा मंजूर रेखांकनातल्या रुंदीवर करतो. शेजाऱ्याचं कुंपण कुठे आहे यावर तर कधीच विसंबू नका, त्याचंही पुढे आलेलं असू शकतं.

सव्वा मीटरने काय होतं ते बघा. प्लॉट 9 बाय 12 मीटर, म्हणजे 108 चौरस मीटर, गुंठ्याहून (101.17 चौरस मीटर) थोडा जास्त. उदाहरणापुरतं पुढे 3 मीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचे आहेत असं धरू. तुमचे आकडे तुमच्या तक्त्यातून घ्या. रुंदी उरली 6 मीटर, लांबी साडेसात. एका मजल्याला 45 चौरस मीटर. आता रुंदीकरणाची सव्वा मीटर आधी वजा करा. लांबी सव्वासहा मीटर, मजला साडेसदतीस चौरस मीटर. प्रत्येक मजल्यावर सुमारे 80 चौरस फूट गेले.

आता एफएसआय लावा. महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेर, मूळ एफएसआय 1.10. उरलेल्या 96.75 चौरस मीटरवर तो होतो 106 च्या आसपास. त्यावर जिने, बाल्कनी, पॅसेज यांच्यासाठी अधिमूल्य भरून 60 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र घेता येतं. एकूण 170. तळमजला धरून तीन मजले चढवले तरी तुमचे भरतात 112.5. रस्ता 9 मीटरचा झाल्यावर प्रीमियम एफएसआयही, म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय, घेता येतो, आणि रस्त्यात गेलेल्या जागेचा मोबदला एफएसआयच्या रूपात मागता येतो. पण तो बसवणार कुठे? म्हणून माझं ठाम सांगणं आहे: दोन-तीन मजल्यांचंच घर बांधायचं असेल तर बसेल तेवढं मोजून झाल्याशिवाय जादा एफएसआयसाठी एक रुपयाही भरू नका. प्लॉट अजून घ्यायचा असेल तर हा हिशेब विसार देण्याआधी करा, आणि लांबीइतकंच लक्ष रुंदीकडे द्या. 6 मीटर रुंदीच्या प्लॉटला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडावे लागले तर आत 3 मीटरच राहतात, आणि त्यातूनच जिनाही काढायचा असतो.

प्रस्तावाचं काम त्या मानाने सोपं. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवाना असलेल्या वास्तुविशारदाच्या किंवा अभियंत्याच्या सहीचा नकाशा देऊन शुल्क भरलं की पावतीवर काम सुरू करता येतं. 150 ते 300 पर्यंत 10 दिवसांत परवानगीची तरतूद आहे. पावती मिळाली म्हणून मार्जिन माफ होत नाही, ही जबाबदारी तुमची आणि सही करणाऱ्याची.

फक्की मारताना हद्दीचे दगड 'क' प्रतीशी ताडून घ्या. मार्जिन हद्दीपासून भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत मोजा. गवंडी कॉलमच्या मध्यापासून मोजतात आणि गिलाव्यासह भिंत चार-सहा इंच पुढे येते. जोते तपासणीला टेप बाहेरूनच लागतो. मी दर बाजूला दोन इंच जास्त सोडतो.