रामदास बोट वर्गात सांगायची तर

‘१७ जुलै १९४७. रामदास बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली.’ फळ्यावर एवढं लिहिलं की मुलं ते वहीत उतरवतात आणि पान उलटतात. मी अलिबागजवळच्या रेवस बंदराच्या बाजूच्या शाळेत इतिहास शिकवतो. वर्गातली निम्मी मुलं कोळीवाड्यातली, पण आकडा त्यांनाही हलवत नाही. म्हणून तो मी तासाच्या शेवटी लिहितो.

सुरुवात वाटेपासून करा. भाऊचा धक्का ते रेवस आजही लाँच चालते, बऱ्याच जणांनी तिच्यातून प्रवास केलेला असतो. किती वेळ लागतो, पोटात कधी ढवळतं, हे मुलांनाच सांगू द्या. मग म्हणा, वाट हीच, पण भर पावसाळा, अमावास्येचा दिवस, गुरुवार. पोटापाण्यासाठी मुंबईत राहिलेली माणसं गावाकडे निघालेली. बोट सकाळी आठच्या सुमारास सुटली, सातशेच्या आसपास माणसं घेऊन.

बुडणं थोडक्यात उरका. काश्याच्या खडकाजवळ लाटांचं पाणी आत आलं, घाबरलेले लोक एका बाजूला धावले, बोट कलंडली. इथे किंकाळ्या, कुणाचे शेवटचे शब्द, असलं काही घालू नका. ते ऐकायला तुम्ही तिथे नव्हता. मुलं रडतीलही, पण ती तुमच्या नाटकाला.

खरा वेळ पुढच्या गोष्टीला द्या. बोटीवर संदेश पाठवायचं बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळी बोट गेली तरी मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नाही. वाचलेले काही जण किनाऱ्याला लागले तेव्हा बातमी फुटली. एवढं सांगून थांबा आणि विचारा: रेवसच्या धक्क्यावर कुणाला न्यायला आलेला माणूस दहा वाजता काय समजला असेल? आणि बारा वाजता? मुलं बोलायला लागतात. ‘पाऊस आहे, सुटलीच नसेल.’ ‘पुढच्या बोटीने येतील.’ कुणीतरी म्हणतं, ‘घरी जेवण झाकून ठेवलं असेल.’ मी यात एक शब्दही घालत नाही.

कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून माणसं वर घेतली, असं आमच्याकडे सांगतात. जरूर सांगा, पण ‘असं सांगतात’ हे शब्द गाळू नका. ऐकीव आणि नोंदलेलं यातला फरक शिकवायला याहून चांगली जागा नाही.

घरी विचारायला पाठवाल तर ‘आजीला काय वाटलं होतं?’ हा प्रश्न देऊ नका. त्याचं उत्तर ‘लई वाईट झालं’ एवढंच येतं. त्या दिवशी घरातलं कोण कुठे होतं, निरोप कुणी आणला, हे विचारायला सांगा.

तास संपताना आकडा आणि तारीख फळ्यावर लिहा. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, हे मुलं आपणच मोजून काढतात. यंत्रं, प्रवासीसंख्या, चौकशी ही कोरडी माहिती दुसऱ्या तासाला घ्या. तोवर प्रश्न त्यांच्याकडूनच आलेला असतो: ‘सर, बोटीवर यंत्र का नव्हतं?’