समुद्रात कमी दाब झाला की आधी बागेत जा, वादळ किनाऱ्याला लागायची वाट बघू नका

राम राम मंडळी. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटण्या उरकत आल्यात, तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागात कुठं पोंगा म्हणजे नवा कोंब फुटतोय कुठं फुलोरा, आणि नेमकं ह्याच दिवसांत अरबी समुद्र खवळतो. वादळ ओमानकडं चाललंय म्हटलं की आपण निवांत होतो आणि तिथंच फसतो. २०१९ चं क्यार आठवा, सुपर सायक्लोन होतं, आपल्या किनाऱ्याला लागलंच नाही, पण त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं बागांची काय दशा केली ते सगळ्यांनी बघितलंय.

हे बनतं कसं ते बघा. समुद्राचं वरचं साधारण ५० मीटर पाणी साडेसव्वीस डिग्रीच्या वर तापलेलं लागतं. त्याची वाफ वर जाते, गार होऊन ढग होतो आणि ढग होताना वाफेतली उष्णता बाहेर पडते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढताना वाफेचा चटका बसतो ना, तीच उष्णता. त्यानं वरची हवा अजून तापते, हलकी होते, खाली दाब उतरतो, मग चारी बाजूंनी ओली हवा आत ओढली जाते आणि पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ न जाता गरागरा फिरायला लागते, आपल्याकडं घड्याळाच्या उलट. वरचं वारं जोरात आडवं आलं तर सगळं मोडतं, नाहीतर वाढतच जातं. अमेरिकेकडं ह्यालाच हरिकेन म्हणतात.

हवामान खातं आधी कमी दाबाचं क्षेत्र म्हणतं, वारं ताशी ३१ किलोमीटरला गेलं की डिप्रेशन, ६२ ला चक्रीवादळ, आणि नाव तेव्हा मिळतं. आपण नाव ऐकून जागे होतो, तोवर ढग डोक्यावर आलेले असतात कारण ते शेकडो किलोमीटर पसरतात. म्हणून कमी दाब ऐकला की त्याच दिवशी स्पर्शजन्य म्हणजे पानावरच राहणाऱ्या बुरशीनाशकाची फवारणी उरकून घ्या, बगलफुटी म्हणजे पानाच्या बगलेतले जादा फुटवे काढा, पाणी आणि युरिया थांबवा, सरीतलं पाणी बाहेर जायला चर मोकळे करा. ट्रॅक्टर रुतणार असेल तर धुरळणीची म्हणजे कोरडी औषधाची भुकटी उडवायची तयारी ठेवा.

पाऊस उघडला की ब्लोअर म्हणजे फवारणीचा पंखा औषधाशिवाय नुसता हवेवर फिरवून घड कोरडे करा, फुलोऱ्यात पाणी थांबलं की गळ आणि कूज ठरलेली. रोज सकाळी पान उलटून बघा, वर तेलकट पिवळा ठिपका आणि खाली कापसासारखी पांढरी बुरशी दिसली की तो डाऊनी म्हणजे केवडा रोग, मग उद्यावर ढकलू नका.

जत, आटपाडीच्या डाळिंबवाल्यांनी ह्या हवेत छाटणी करू नका, तेल्या हा जिवाणूंचा डाग-रोग पसरतो. मोठ्या उसाला पाणी देऊ नका, ओल्या रानात वाऱ्यानं लोळतो. आणि आंतरप्रवाही म्हणजे झाडाच्या आत शोषलं जाणारं औषध पानं सुकल्यावरच मारा, निर्यातीची बाग असेल तर लेबल क्लेम म्हणजे ते औषध त्या पिकाला मंजूर आहे का ते वाचूनच.